तेहतीस औंसांचा संसार

कंपाउंडरांशी लग्न ठरलं तेव्हा बाईंना एवढंच वाटलं होतं की, चला, औषधपाण्याची तरी घरात ददात राहणार नाही. औषधं आली खरी, पण त्यांच्याबरोबर मापंही आली आणि ती पुन्हा कधी घराबाहेर गेली नाहीत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कंपाउंडरांनी स्वयंपाकघरातला एकेक चमचा पाण्याने भरून मोजला. औषधांच्या पुस्तकात चहाचा चमचा आधी एक ड्रामचा, म्हणजे औंसाच्या आठव्या भागाचा होता, मग तो पाच मिलिलिटरचा झाला, आणि घरोघरी मात्र ज्याला जसा सापडला तसा आहे, हे त्यांचं आवडतं दुःख होतं. बाईंच्या माहेरून आलेला चमचा तर दोन ड्रामच्याही वर निघाला. ‘हा चमचा नव्हे, पळी आहे,’ असा निकाल देऊन ते मोकळे झाले. माहेरचा चमचा तो! बाईंनी अबोला धरला, आणि कंपाउंडरांना तो कशाबद्दल आहे हे कळलंसुद्धा नाही.

सगळी नोकरी त्यांनी एकाच जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काढली. लाकडी फळीमागे उभं राहून खोकल्याचं लाल आणि पोटाचं पांढरं मिक्श्चर कालवायचं, रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत भरायचं आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची. ही पट्टी घडी घालून कात्रीने अशी कापायची की उलगडल्यावर कडेला सारख्या अंतरावर खाचा दिसाव्यात. एक खाच म्हणजे एक डोस. पट्टी कापण्यात आपला हात धरणारा कुणी नाही असं ते स्वतःच सांगायचे, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं. मोजायला काचेचा एक निमुळता ग्लास होता, त्यावर औंस आणि ड्रामच्या रेघा. दवाखाना बंद झाला तेव्हा ‘काय हवं ते माग’ असं डॉक्टर म्हणाले आणि यांनी तो ग्लास मागितला. दुसऱ्या कुणी निदान भिंतीवरचं घड्याळ तरी मागितलं असतं, असं बाईंचं मत होतं.

जग मिलिलिटरवर गेलं, कंपाउंडर काही गेले नाहीत. मिलिलिटर त्यांना येत नव्हते असं मुळीच नाही. दोन्हीकडचे पाढे तोंडपाठ होते, पण मनातला हिशेब औंसातच चालायचा. सरबताच्या बाटलीवरचं लेबल वाचून ते ‘सव्वीस औंस आणि वर थोडं’ असं पुटपुटायचे. रोज सकाळी दारात दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी यायची आणि ती आत आणताना ‘साडेसतरा औंस आले गं’ अशी वर्दी द्यायचे. बाईंना या वर्दीची इतकी सवय झाली होती की ती त्यांच्या कानावर पडायची, पण आत शिरत नसे.

बाई स्वतः शिवणाचे क्लास घ्यायच्या. शिकायला येणाऱ्या मुली ‘बाई’ म्हणायच्या, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. गळ्यात टेप असायची, पण ती बहुतेक शोभेलाच. समोरच्या माणसाकडे एकदा डोळे बारीक करून पाहायचं आणि कापडाला कात्री लावायची, अशी त्यांची पद्धत. चहाच्या बाबतीत मात्र त्यांचं माप पक्कं होतं. कप काठोकाठ भरलेला हवा. काठापासून बोटभर खाली चहा देणाऱ्या घरी त्या पुन्हा जात नसत. असे किती कप दिवसाकाठी होतात, हे कंपाउंडरांनी एकदा औंसात सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा बाईंनी शिवणाचं यंत्र जोरात चालवून त्यांचा आवाज बुडवला होता.

आणि मग बाईंचं हृदय थकलं. पावलं सुजायला लागली, जिना चढताना दम कोंडू लागला, आणि एके दिवशी छातीत पाणी साचून त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. बऱ्या होऊन घरी निघताना हृदयाच्या तरुण डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

‘दिवसाला एक लिटर. त्याच्यावर काही नाही.’

‘पाणी ना? पाणी मी कमीच पिते,’ बाई म्हणाल्या. ‘चहाचं वेगळं.’

‘चहा, दूध, सूप, सगळं धरून एक लिटर, आजी. पुन्हा छातीत पाणी साचलं तर या वेळेसारखं निभावेलच, असं मी सांगू शकत नाही.’

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. पायऱ्या उतरताना कंपाउंडर कठडा धरून मध्येच थांबले, काहीतरी मनाशी बोलले आणि पुन्हा उतरू लागले. पण घरी पोचेपर्यंत गडी बदलला होता. दवाखाना बंद झाल्यापासून हाताला काम नसलेला माणूस, त्याला आता घरातच एक रोगी मिळाला होता. त्यांनी कपाट उघडलं, काचेचा ग्लास काढला, फुंकर मारून पुसला आणि जाहीर केलं, ‘लिटर म्हणजे तेहतीस औंस. तीसने भागायचं, सोपं आहे.’

एक पारदर्शक बाटली घेतली. ग्लासाने मोजून तेहतीस औंस पाणी त्यात ओतलं. कागदाची घडी घालून कात्री चालवली आणि अकरा खाचांची पट्टी बाटलीला चिकटवली. एक खाच, तीन औंस. बाईंनी पाणी प्यायचं ते या बाटलीतलंच. चहा किंवा दूध घेतलं, तर तितकंच पाणी बाटलीतून काढून गॅलरीतल्या कुंडीत ओतायचं. म्हणजे बाटलीत जे उरेल ते बाईंचं, आणि बाटली संपली की बाईंचा दिवस संपला.

या व्यवस्थेत कुंडीतल्या झाडाचं चांगलंच फावलं. बरीच वर्षं नुसतं जीव धरून असलेलं ते झाड एकदम तरारलं. बाईंनी सकाळचा चहा घ्यावा आणि झाडाने त्यांच्या डोळ्यांदेखत तितकंच पाणी प्यावं! ‘आणली की नाही म्हातारपणी सवत,’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. कंपाउंडरांना विनोद कळायचा नाही. गोळी गिळायला अर्धा औंस, तो मोजून. तोंडात बर्फाचा खडा ठेवला तर ‘विरघळल्यावर पाणीच ना ते’ म्हणून तोही मोजून. एकदा बाईंनी दुपारी कलिंगडाची फोड उचलली, तर हे ती हातात घेऊन इतका वेळ विचार करत बसले की बाईंनीच वैतागून ती परत ठेवली.

‘दवाखान्यातला रोगी बरा असतो हो,’ त्या म्हणाल्या, ‘त्याला रात्री घरी सोडतात. मी कुठे जाऊ?’

दिवस कसाही जायचा, संध्याकाळ जाता जायची नाही. उन्हं उतरली की बाई गॅलरीत बाकावर येऊन बसायच्या. खालच्या गल्लीत दुकानांचे दिवे लागायचे, समोरच्या घरातून कपबशांचा आवाज यायचा, आणि इकडे बाटलीच्या तळाला नुसता ओलावा. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पदर पसरला.

‘अर्धा कप. अर्धाच. डॉक्टर काय इथे खिडकीत बसलेत?’

‘नाही म्हणजे नाही.’

‘जीभ टाळूला चिकटलीय माझी.’

‘जीभ? आत्ता एवढं बोललीस ते कशाने?’

तोंड फिरवून बाई गल्लीकडे पाहत राहिल्या. कंपाउंडर आत गेले, बाहेर आले. वाकून त्यांनी बाईंच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला, सुजेचा खड्डा पडतो का ते. पुन्हा आत गेले. मग गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने खरोखरच अर्धा कप चहा घेऊन ते बाहेर आले.

‘कुणाला सांगू नकोस,’ इकडेतिकडे बघत ते म्हणाले. ‘लेकीला तर मुळीच नाही.’

‘किती आहे हा?’

‘अंदाजाने ओतलाय.’

बाईंनी कप तोंडाला लावता लावता खाली घेतला. अंदाजाने! हा शब्द त्यांनी या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. या माणसाने कधी रांग मोडली नव्हती, रस्ता रिकामा असतानाही दिवा हिरवा होईपर्यंत उभं राहणारा माणूस हा. त्याने आज आपल्यासाठी डॉक्टरांचा शब्द मोडला. तो अर्धा कप त्यांनी घोट घोट करून, जिभेवर फिरवून संपवला. इतक्या वर्षांचे काठोकाठ भरलेले कप त्याच्यापुढे फिके पडले.

मग ते रोजचंच झालं. बाईंनी मागायचं, यांनी नाही म्हणायचं, बाईंनी तोंड फिरवायचं, यांनी गॅस पेटवायचा. दिवसभर बाई बाटलीच्या नावाने बोटं मोडायच्या, पण संध्याकाळ जवळ आली की त्यांना आतून हसू यायचं. शिवणाच्या मुलींनाही नवल वाटायचं, की बाई आजारी पडल्यापासून इतक्या खुशीत कशा. आपल्यावर कुणाचा जीव आहे, हे म्हातारपणी असं चोरून कळावं, याचं त्यांना फार सुख होत होतं.

त्यांच्या लेकीची पुढच्या गल्लीत बेकरी होती. ती रोज दुकान बंद करून उशिरा यायची. एकदा पाव लवकर संपले म्हणून संध्याकाळीच आली आणि सरळ गॅलरीत गेली. आईच्या हातात कप, बाबांच्या चेहऱ्यावर चोरी.

‘बाटली संपलीय ना?’ लेक म्हणाली. ‘मग हा चहा कुठला?’

बाईंनी कप पदराआड घेतला.

‘बाबा, तुम्ही? आईने हट्ट केला असेल, ते मी समजू शकते. पण तुम्ही! डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? तिच्या जिवाशी खेळताय तुम्ही!’

‘त्यांना काही बोलू नकोस,’ बाई म्हणाल्या. ‘मी मागितला. गेल्या महिन्यापासून रोज मागतेय.’

‘रोज?’

लेक आली तशी खाली उतरली आणि बेकरीतलं मोजायचं भांडं घेऊन परत आली. प्लॅस्टिकचं, मिलिलिटरच्या लाल रेघांचं, केकचं दूध आणि तेल मोजून मोजून धुरकटलेलं. ‘मला बघू दे एकदा, किती जास्त जातंय तिच्या पोटात,’ असं म्हणून तिने ग्लासाने तेहतीस औंस मोजले आणि भांड्यात ओतले. मग वाकून रेघेशी डोळे नेले. पाणी नऊशे चाळीसलाही टेकलं नव्हतं. तिने ते ओतून दिलं आणि पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच. मग तिने बाईंच्या कपात अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं, चहा जिथवर असायचा बरोबर तिथवर, आणि तेही भांड्यात ओतलं. पाणी हजाराच्या रेघेखाली केसभर येऊन थांबलं.

लेक मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले.

‘बाबा, हा तुमचा ग्लास जुना. याचा औंस अठ्ठावीस मिलिलिटरचा आहे, वर थोडा. आमच्या केकच्या जुन्या कृतींत पण हीच भानगड असते. तुम्ही तीसने भागलंत! लिटरमध्ये तेहतीस नाही, पस्तीस बसतात. रोज दोन औंस कमी देत होतात तिला, आणि तेवढेच संध्याकाळी चोरून पाजत होतात.’

‘असेल,’ कंपाउंडर खाली मान घालून म्हणाले. ‘दवाखान्यात आम्ही तीसच धरायचो. वय झालं आता, चुकतं माणूस.’

‘देवासारखे चुकलात,’ लेक म्हणाली, आणि आईला मिठी मारून पुन्हा बेकरीकडे गेली.

रंगेहाथ पकडलेल्या चोराला ‘माल तुझाच आहे’ असं सांगितल्यावर त्याचं जे व्हावं, ते बाईंचं झालं. पण त्यांनी मनाची लगेच समजूत घातली. माप चुकलं म्हणून काय झालं? यांना कुठे ठाऊक होतं? यांनी तर चोरीच केली होती, आपल्यासाठी, भीत भीत. चोरी फसून पुण्य झालं, तो भाग वेगळा. उलट लेकीसमोर मान खाली घालून बसलेला तो माणूस पाहून बाईंचा जीव कळवळला, आणि त्या दिवशी त्यांनी बाटलीला एकही शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुईत दोरा ओवत होत्या. दार वाजलं, कंपाउंडरांनी पिशवी आत घेतली.

‘साडेसतरा औंस आले गं.’

दोरा सुईच्या नेढ्याजवळ येऊन थांबला. इतकी वर्षं जे कानाबाहेरच राहिलं होतं, ते आज आत शिरलं. अर्धा लिटर म्हणजे साडेसतरा. साडेसतरा आणि साडेसतरा. बाईंनी बोटांवर मोजलं, मग टेप उलगडून तिच्या आकड्यांवरही मोजून पाहिलं. दोन्हीकडे पस्तीसच आले. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. जो माणूस रोज सकाळी झोपेतही अर्धा लिटर बरोबर सांगतो, तो अख्खा लिटर चुकेल कसा?

दिवसभर बाई बोलल्या नाहीत. बाटलीतलं पाणी खाचेबरहुकूम प्यायल्या. गोळीला अर्धा औंस म्हणजे अर्धाच घेतला. कंपाउंडर दोनदा येऊन नाडी बघून गेले. इतक्या शहाण्यासारखं वागताना त्यांनी या बाईला कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणून त्यांना काळजी वाटत होती. संध्याकाळी बाई गॅलरीत बसल्या, पण त्यांनी चहा मागितला नाही. कंपाउंडर वाट पाहून थकले आणि आपणच अर्धा कप करून घेऊन आले.

बाईंनी कपाला हात लावला नाही.

‘सकाळी दूध किती आलं?’

‘साडेसतरा.’

‘दोन पिशव्या आल्या असत्या तर?’

कंपाउंडर कपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘पस्तीस.’

‘मग माझाच लिटर तेहतीसचा कसा झाला?’

कंपाउंडरांनी कप बाकाच्या कडेवर ठेवला.

‘अंदाजाने ओतलाय म्हणत होतात.’

‘ग्लासात मोजूनच कपात ओतायचो. दोन औंस. तुला दिसू नये म्हणून ओट्याकडे तोंड करून.’

‘आणि काल लेकीपुढे चुकलो म्हणालात ते?’

‘मग काय म्हणू? मुद्दाम केलं म्हटलं असतं, तर तुला कळलं असतं.’

‘म्हणजे चोरी नव्हतीच ती,’ बाई म्हणाल्या. ‘मी मेली वेडी. मला वाटलं, सगळ्या जन्मात एकदा यांनी माझ्यासाठी नियम मोडला. कुणाला सांगितलं नाही मी, पण मनातल्या मनात किती मिरवलं.’

कंपाउंडर बाकावर त्यांच्या शेजारी बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

‘मला मोडता येत नाही गं,’ ते म्हणाले. ‘आणि तुझं तोंड बघून नाहीही म्हणता येत नाही. त्या दिवशी डॉक्टरांच्या पायऱ्या उतरतानाच मला कळलं होतं, तू संध्याकाळी मागणार आणि मी देणार. मग म्हटलं, आधीच दोन औंस बाजूला काढून ठेवावेत. म्हणजे मी हरलो तरी तू राहशील.’

समोरच्या घरातला कपबशांचा आवाज थांबला होता. बाईंनी पदराने नाक पुसलं, कप उचलला आणि चहा प्यायल्या. तो पार निवला होता. त्यांनी तळातला थेंबही सोडला नाही.

‘उद्यापासून बाटलीत बत्तीसच भरा,’ रिकामा कप त्यांच्या हातात देत त्या म्हणाल्या.

‘बत्तीस? पण लेक तर पस्तीस म्हणाली...’

‘बत्तीस. आणि संध्याकाळी तीन. मी मागितल्याशिवाय आणायचा नाही. आणि मागितलं की आधी नाही म्हणायचं, चांगलं रागावून.’

कंपाउंडरांनी तिथल्या तिथे एकदा रागावून नाही म्हणून दाखवलं. ते काही त्यांना जमलं नाही.